नाव, बापाचं नाव, गाव

अप्पांच्या खोलीचं दार आतून बंद असायचं. वाजवलं की आतून एकच प्रश्न यायचा, "कोण?"

"मी" म्हणून सांगितलं तर दार उघडत नसे. "मी तर म्या पन हाय," आतून आवाज यायचा. "नाव, बापाचं नाव, गाव." मग येणाऱ्याजाणाऱ्यांसमोर, शाळेत पहिल्या दिवशी सांगतात तसं तिन्ही सांगायचं, तेव्हा कुठं कडी निघायची. शिपाई असो, अकाउंटंट असो, सगळ्यांना तोच कायदा. संघाचे अध्यक्ष एकदा स्वतः जिना चढून वर आले आणि दारात "अहो, मी आहे, मी" असं म्हणत राहिले. शेवटी कंटाळून खाली उतरले. ते अध्यक्ष होते हे संध्याकाळी कुणीतरी अप्पांच्या कानावर घातलं, तर अप्पा म्हणाले, "मग तसं सांगाया काय झालतं?"

मला पहिल्या दिवशी याचा राग आला होता. बाईमाणसानं नोकरीच्या पहिल्या दिवशी दाराबाहेर उभं राहून बापाचं नाव ओरडून सांगायचं म्हणजे काय? पण सांगितलं. "गाव तेर" असं मी म्हणाले आणि दार उघडलं. आत भर एप्रिलमध्ये अंगात स्वेटर, डोक्याला माकडटोपी आणि कपाळावर विभूतीच्या तीन आडव्या रेघा असा एक माणूस उभा होता. "ये तेर, बस," म्हणाले. त्या दिवसापासून मी त्यांच्यासाठी तेर झाले. माझं नाव त्यांनी नंतर कधी उच्चारलं असेल तर ते मला आठवत नाही. ते माणसांना गावाच्याच नावानं हाक मारायचे. शिपाई कळंब होता, ड्रायव्हर वाशी होता, आणि पुण्याहून बदलून आलेले एक साहेब होते, त्यांनी गाव सांगताना जरा का-कू केली, तर अप्पांनी त्यांना कुठल्याच नावानं हाक मारली नाही.

धाराशिवच्या आमच्या दूध संघाच्या ऑफिसात वरच्या मजल्यावर ती खोली होती. जिल्हाभर संघाची शीतकेंद्रं आहेत, लोहाऱ्याला, मुरुमला, माकणीला, आणखी कुठं कुठं. आसपासच्या गावांचं दूध तिथं येतं, मोठ्या टाकीत थंड होतं आणि टँकरनं पुढं जातं. प्रत्येक केंद्रावर लिनक्सवर चालणारा एक कॉम्प्युटर असतो, आम्ही त्याला मशीन म्हणतो. दुधाचं माप, फॅट, टाकीचं तापमान हे सगळं तेच सांभाळतं. आणि ही सगळी मशीनं आपल्या पोटात काय चाललंय ते ओळीओळीनं लिहून धाराशिवच्या मुख्य मशीनकडं पाठवत राहतात. या ओळींना लॉग म्हणतात. ओळीच्या सुरुवातीला तारीख आणि वेळ, मग पाठवणाऱ्याचं नाव, आणि मग काय असेल ते गाऱ्हाणं. मुख्य मशीनमध्ये प्रत्येक केंद्राचा एकेक कप्पा होता, ज्याच्या नावानं ओळ येईल त्याच्या कप्प्यात ती जाऊन पडायची.

त्या ओळी वाचणं हे अप्पांचं काम. मी त्यांच्या हाताखाली लागले होते.

अप्पा मूळचे मुरुमचे. घरात कन्नड, बाहेर मराठी. ऑफिसात मात्र मशिनांशी कन्नडात बोलायचे, आमच्याशी मराठीत, आणि साहेबांशी बोलायचेच नाहीत. सकाळी आले की डब्यातली कडक भाकरी काढून कडाकड मोडायचे, शेंगाचटणीला लावून खायचे आणि खाता खाता हजेरी घ्यायचे. मशीनला सांगण्यासारखं काही नसलं तरी ते अधूनमधून एक रिकामी ओळ पाठवतं. तिचा अर्थ एवढाच की मी चालू आहे. अप्पा एकेक कप्पा उघडत, ती ओळ शोधत आणि मोठ्यानं म्हणत, "लोहारा, हाय. मुरुम, हाय. माकणी, हाय." एखादं मशीन सापडलं नाही तर भाकरीचा तुकडा हातात तसाच राहायचा. भाकरीच्या चुऱ्यानं कीबोर्डात मुंग्या व्हायच्या, आणि लाखो रुपयांच्या मशीनसमोर बसून मी कुंचल्यानं त्या झाडत बसायचे. बोलून उपयोग नव्हता. "त्याबी राहत्यात की इथं," म्हणायचे.

नवीन मशीन आलं की त्याचं बारसं व्हायचं. मी थट्टा करत नाही, खरोखरचं बारसं. एका मशीनसारखं दुसरं तयार करायचं तर पहिल्याची सगळी मांडणी पेनड्राइव्हवर घेऊन दुसऱ्यात ओततात, सगळे तसंच करतात. अप्पाही तसंच करायचे, पण नाव तेवढं वगळून. नाव पेनड्राइव्हवर घ्यायचं नाही, ते हातानं टाकायचं, आणि ज्या केंद्राचं मशीन तिथं समक्ष जाऊन टाकायचं. धाराशिवात बसून हे काम चुटकीसरशी झालं असतं, पण अप्पा एसटीनं जायचे. "फोनवर बारसं करतंय का कोन?" म्हणायचे. मी आल्यापासून आत्या मीच. म्हणजे मी खुर्चीत बसून नाव टाईप करायचं आणि अप्पांनी मागून माझ्या पाठीत एक हलका धपाटा घालायचा. मग केंद्रावरच्या सगळ्यांना घुगऱ्या. पहिल्यांदा मी ओशाळले होते. नंतर नंतर त्या घुगऱ्यांसाठी मीच विचारायला लागले, की अप्पा, नवं मशीन कधी येतंय.

नाव न ठेवलेलं मशीन आपलं आपण एक नाव घेतं, लोकलहोस्ट. त्याचा अर्थ थोडक्यात 'मी इथलाच.' अप्पांना या शब्दाचा भारी संताप. "इथला म्हंजे कुठला? सगळेच इथले!"

त्या संतापाला कारण होतं माकणीचं.

एकदा दुपारी माकणीच्या केंद्रावर टाकीचा कॉम्प्रेसर बंद पडला आणि संध्याकाळपर्यंत सगळं दूध नासलं. साहेबांनी लॉग मागवला. माकणीच्या कप्प्यात दुपारनंतर एकही ओळ नव्हती. म्हणजे ऑपरेटरनं मशीन बंद केलं आणि कुठं लग्नाला गेला, असा अर्थ लावून साहेब मोकळे झाले. ऑपरेटर धाराशिवला आला आणि अप्पांच्या स्टुलावर बसून रडायला लागला. "अप्पा, म्या हललो न्हाय वो तिथनं. फोन करकरून दमलो. कोन उचलंना." अप्पांनी त्याला पाणी दिलं नाही, धीर दिला नाही. "माकणी, गप बस," एवढंच म्हणाले आणि पडद्यात डोकं घातलं.

दुपारी माकणीला लाईट जाऊन आली होती. मशीन परत चालू झालं तेव्हा नेटवर्क उशिरा जागं झालं, आणि बारशाची पद्धत सुरू होण्याआधी कोणीतरी घाईत नाव अर्धवट टाकलेलं असल्यामुळं मशीनला आपलं नावच सापडेना. मग काही ओळी त्यानं नावाऐवजी नेटवर्कच्या नुसत्या आकड्यानं पाठवल्या, काही लोकलहोस्ट म्हणून, आणि काही नावाला नेटवर्कच्या नावाचं लांबलचक शेपूट लावून. टाकी तापतेय, टाकी तापतेय, असं ते सबंध दुपारभर ओरडत होतं, पण माकणी या नावानं ओरडत नव्हतं. अप्पांनी तीन ठिकाणच्या त्या ओळी गोळा करून वेळेवार लावल्या आणि कागद साहेबांपुढं ठेवला. ऑपरेटरची नोकरी राहिली. तो पाया पडायला लागला तर अप्पा मागं सरकले. "माझ्या पाया पडू नको. तुझं मशीन बोंबलत हुतं आन आमी ऐकलं न्हाय."

नंतर ते एसटीनं एकेका केंद्रावर गेले. प्रत्येक मशीनचं नाव तपासलं, शेपट्या कापल्या, नावांच्या फाईलीतल्या मागंपुढं झालेल्या ओळी सरळ केल्या. मीही बरोबर असायचे. आणि मुख्य मशीनमध्ये त्यांनी एक नियम लिहिला, की ओळखीच्या नावानं आलेली ओळ आपापल्या कप्प्यात जाईल आणि लोकलहोस्ट म्हणून येईल ती वेगळ्या कप्प्यात पडेल. त्या कप्प्याला त्यांनी नाव दिलं, बेवारस. घरी जाण्यापूर्वी रोज ते बेवारस उघडून वाचायचे. "हजेरी तू घे, बेवारस म्या बघतो," अशी आमची वाटणी होती. तिथं कोणी सापडलं की दुसऱ्या दिवशी आमची एसटी ठरलेली.

एकदा मुरुमहून परत येताना एसटीत मी त्यांना विचारलं, की एवढं काय त्या नावाचं? जरा जास्तच होतंय. अप्पा खिडकीतून बाहेर बघत होते. मग बायकोचं सांगितलं.

अप्पा आठवडाभर धाराशिवात भाड्याच्या खोलीत राहायचे आणि शनिवारी मुरुमला जायचे. मूलबाळ नव्हतं. घरी बायको एकटी. एका आठवड्यात मधल्याच दिवशी ती गेली. चुलीपाशी बसल्या जागी. शेजारच्यांना दुसऱ्या दिवशी दुपारी कळलं, दुधाची पिशवी दारात तशीच दिसली म्हणून. "दीड दिस ती तितं तशी हुती," अप्पा म्हणाले. "आन म्या हितं बसून लोहारा हाय का, माकणी हाय का, हे बघत हुतो." मी त्यांच्या हातातली पिशवी आपल्या मांडीवर घेतली, का घेतली कोण जाणे. बलसूर गाव मागं पडल्यावर ते परत बोलले, "तसं माझं हुऊ ने. मेल्याचं काय न्हाय. पन त्याच दिवशी कळावं कुनालातरी."

एवढीच त्यांची मागणी होती जगाकडं. त्याहून जास्त काही मागताना मी त्यांना ऐकलं नाही.

रिटायर झाले तेव्हा नारळ, शाल, भाषणं सगळं झालं. अप्पांनी शाल तिथल्या तिथं माकडटोपीवरून गुंडाळून घेतली. पोचवायला मी स्टँडपर्यंत गेले. त्यांनी चाव्या हातात दिल्या तेव्हा मी विचारलं, "आणि बेवारस? ते कोण बघणार?" अप्पा पहिल्यांदाच मला जरा फुशारल्यासारखे दिसले. "सगळ्यांस्नी नावं दिलीत. आता तितं कोन यनार? ऱ्हाऊ दे." गाडीत चढता चढता मागं वळून म्हणाले, "सकाळी एक कप्पा जास्तीचा बघत जा."

दुसऱ्या दिवशी हजेरी घेताना तो सापडला. मुरुम-घर. अप्पांनी घरच्या जुन्या मशीनवरून आमच्या मुख्य मशीनपर्यंत वाट करून घेतली होती. संघाला न विचारता, अर्थात. रिकामी आपोआप येणारी ओळ त्यांनी बंद केली होती, कारण तिच्यावर त्यांचा भरवसा नव्हता. "मशीन चालू ऱ्हातं आन मानूस गेल्याला आसतो," असं ते मागं म्हणाले होते. ते सकाळी चहा घेतला की स्वतःच्या हातानं एक ओळ टाईप करायचे. इंग्रजी अक्षरं, बोली मुरुमची. कप्प्यात ती अशी दिसायची: मुरुम-घर, अप्पा, हाय.

मी धाराशिवात एका खोलीत एकटी राहते. तेरला आई होती तोवर मी सुट्टीला जायचे, ती गेल्यावर तेही राहिलं. सकाळी ऑफिसात आले की माझ्या वाट्याला आलेलं पहिलं बोलणं म्हणजे ती ओळ. मला तिची सवय लागली. उत्तर पाठवायची सोय नव्हती आणि अप्पांना ते नकोही होतं. फोन ते उचलत नसत. "फोन दार वाजवतो," म्हणायचे. "ओळ कुनाचं दार वाजवत न्हाय. ज्याला सवड आसंल त्यानं वाचावी."

असं बरंच चाललं. मग एका सकाळी मुरुम-घराचा कप्पा रिकामा होता.

मी लगेच मुरुमच्या केंद्रावर फोन लावला. तिथला ऑपरेटर अप्पांच्या गल्लीतलाच. तो म्हणाला, "आत्ताच दिसले की बाजारात. कोथमीर घेत हुते. चांगलं हायत." जीव भांड्यात पडला. मशीन बिघडलं असेल म्हटलं. दुसऱ्या दिवशीही ओळ नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. ऑपरेटर सांगायचा, चांगले आहेत, चांगले आहेत. मग मला राग आला, खरं सांगते. चांगले आहेत तर एक शब्द टाकायला काय झालं? कंटाळले असतील आमचा. मी फोन केला, तो त्यांनी उचलला नाही, तो ते कधीच उचलत नव्हते, पण त्या दिवशी मला ते जास्त लागलं. हजेरी घेताना मी तो कप्पा सोडून पुढं जायला लागले.

पुढं ऑफिसात कॅमेरे बसवले. ज्यानं बसवले त्या माणसानं कॅमेऱ्यांच्या डब्यांना नावं ठेवली नाहीत, कशाला ठेवेल? आणि ते सगळे डबे रात्रंदिवस लोकलहोस्ट म्हणून ओळी ओतू लागले. एका सकाळी मुख्य मशीनची डिस्क भरली. कोण एवढं बडबडतंय म्हणून मी बघत बघत गेले, तर सगळा ढीग बेवारसात होता. अप्पा रिटायर झाल्यापासून तो कप्पा कुणी उघडलाच नव्हता.

कॅमेऱ्यांच्या त्याच त्या ओळी वर सरकवत होते आणि मधेच डोळ्यांना काहीतरी अडलं. लोकलहोस्ट, अप्पा, हाय.

मशीनचं नाव नव्हतं, पण टाईप करणाऱ्याचं होतं. मी फक्त 'अप्पा' असलेल्या ओळी बाजूला काढल्या. महिन्यामागचं त्या कप्प्यातून आपोआप पुसलं जायचं, तेव्हा त्याआधी काय होतं ते मला कधीच कळणार नाही. जे होतं ते, नुसत्या 'हाय'च्या बऱ्याच ओळी वगळून, असं होतं.

हाय.

हाय.

हाय. पाऊस न्हाय.

हाय. तेर वाचतीस का.

हाय. डोळ्यात पडदा आलाय म्हनले. अक्षर दिसंना नीट. चूकभूल माफ.

हाय.

हाय. आपरेशन सांगितलंय उमरग्याला. सोमवारी.

हाय. सोबत मानूस आना म्हनत्यात. तेर तुला जमंल का सोमवारी. दुपारी सोडत्यात.

हाय. कामाचं आसंल तर ऱ्हाऊ दे.

हाय. म्या शनवारपतुर वाट बघतो.

हाय. ऱ्हाऊ दे.

त्याच्याखाली अप्पांची एकही ओळ नव्हती. मी बघत होते तो दिवस गुरुवार होता, तो सोमवार उलटून गेला होता.

सगळा घोटाळा मला पडद्यावर उघडा दिसत होता. अप्पांचं जुनं मशीन बंद पडलं असणार, दुकानदारानं नवीन भरून दिलं असणार, आणि अप्पांनी आपली सगळी मांडणी पेनड्राइव्हवरून परत ओतली असणार. नाव तेवढं नाही, कारण नाव ते पेनड्राइव्हवर घेतच नसत. ते हातानं टाकायचं असतं. आणि या वेळी डोळ्यांवर पडदा आलेला. मशीनच्या पडद्यावर लोकलहोस्ट ढळढळीत लिहिलेलं, दुसऱ्या कुणाच्या मशीनवर त्यांना ते जिन्यातून दिसलं असतं, ते स्वतःच्या मशीनवर दिसलं नाही. रोज सकाळी चहा घेऊन माणूस मला हाक मारत होता आणि त्यानंच लिहिलेला नियम ती हाक उचलून बेवारसात टाकत होता.

मिळेल त्या एसटीनं उमरगा गाठलं, तिथून मुरुम. दार वाजवलं.

"कोन?"

मला रडू आलं. तरी तिन्ही सांगितली. नाव, बापाचं नाव, गाव.

कडी लगेच निघाली नाही. मग निघाली. अप्पा वाळले होते. माझ्याकडं न बघता, आवाजाच्या दिशेनं बघत म्हणाले, "आलीस व्हय. च्या ठिवतो."

ऑपरेशन झालं नव्हतं. सोमवारी ते एकटेच उमरग्याला गेले होते. तिथं विचारलं, सोबत कोण? "म्हटलं, कोन न्हाय. तर म्हनले, मग करता येत न्हाय, मानूस घिऊन या. आलो माघारी." हे सगळं त्यांनी चहात साखर चाचपडत सांगितलं, दुसऱ्या कुणाचं सांगावं तसं.

"आणि नंतर ओळ का नाही टाकली?"

"वाचत न्हाईस म्हटलं. उगं कशाला."

मी भांडल्यासारखीच बोलले त्यांच्याशी. वाचत नाहीस म्हणे! तुमच्या मशीनला नाव नाही, अप्पा. लोकलहोस्ट म्हणून येताय तुम्ही. सगळ्या ओळी बेवारसात पडल्यात, आज सकाळी काढल्या मी. अप्पा कप हातात घेऊन ऐकत राहिले. त्यांना पटायला वेळ लागला. दोनदा विचारलं, "माझं? माझं मशीन?" मग कप खाली ठेवला आणि कपाळावर हात मारला. विभूती बोटांना लागली. मला वाटलं हसतायत, पण हसत नव्हते.

"म्या काय म्हनलो हुतो तुला स्टँडवर?" म्हणाले. "तितं कोन यनार, म्हनलो हुतो न्हवं?"

घरात हरभरे होते. मी ते शिजत लावले आणि मशीनपुढं बसले. अप्पा मागं येऊन उभे राहिले. मुरुम-घर, मी एकेक अक्षर मोठ्यानं म्हणत टाईप केलं, कारण त्यांना दिसत नव्हतं. मग पाठीत धपाटा बसला. हात पहिल्यापेक्षा हलका झाला होता. अप्पा खुर्चीत बसले, चाचपडत एक शब्द टाईप केला, आणि मी ऑफिसात फोन लावून कळंबला, म्हणजे शिपायाला, कप्पा उघडायला लावला. "आलंय की," तो म्हणाला. "मुरुम-घर, अप्पा, हाय." मी ते अप्पांना मोठ्यानं सांगितलं. त्यांनी मान हलवली आणि घुगऱ्यांकडं बघून ये म्हणाले, करपतील.

पुढच्या सोमवारी उमरग्याला मी त्यांच्यासोबत होते. खिडकीतल्या बाईनं विचारलं, "सोबत कोण? तुम्ही कोण यांच्या?" मी काहीतरी पुटपुटायला लागले, तर अप्पा डोळे मिटूनच म्हणाले, "तशी न्हाय. नीट सांग." मी नाव सांगितलं, वडिलांचं नाव सांगितलं, गाव सांगितलं. त्या बाईला नातं हवं होतं. अप्पा म्हणाले, "सोबत. तितं सोबत लिवा."

नंतर मी तीन गोष्टी केल्या. बेवारसावरचा नियम बदलला, आता तो कप्पा रोज सकाळी माझ्यासमोर उघडतो, कॅमेरे वगळून. आणि मुख्य मशीनला सांगून ठेवलं, की सकाळी नऊपर्यंत मुरुम-घरातून ओळ आली नाही तर माझा फोन वाजव. मुरुमच्या ऑपरेटरकडं अप्पांच्या घराची एक चावी ठेवली. अप्पांना हे सांगितलं तेव्हा ते कुरकुरले, की फोन दार वाजवतो. मग म्हणाले, "पर वाजू दे. नऊ बरं हाय. म्या आटला च्या घेतो."

ऑपरेशन झालं आणि डोळा चांगला सुधारला. ओळी परत सुरू झाल्या, आणि आता त्यांत माझ्या चुका काढणंही आलं. हाय. तेर लोहाऱ्याला शेपूट लागलंय बघ. मुरुममध्ये बसून त्यांना ते कसं कळायचं हे मी विचारलं नाही. संघाला न विचारता आणखी एखादी वाट केली असणार.

मग एका सकाळी फोन वाजला. मुरुम-घर आलं नाही.

मी ऑपरेटरला फोन लावला. तो चावी घेऊन धावत गेला आणि फोन चालू ठेवूनच आत शिरला. त्याच्या पावलांचा आवाज ऐकू येत होता, मग तो थांबला. अप्पा मशीनपुढं खुर्चीत होते. अंगात स्वेटर होता. चहा घेतलेला होता, कप रिकामा होता. ऑपरेटर म्हणाला, "आंग अजून गार न्हाय वो." साडेनऊ वाजले नव्हते.

त्याच दिवशी कळलं. त्याच सकाळी कळलं. मुरुमला जाताना एसटीत मी हेच स्वतःशी म्हणत होते, आणि मला वाटलं होतं की त्यानं जरा बरं वाटेल.

आता अप्पांच्या खोलीत मी बसते. दार मी बंद करत नाही, पण कुणी "मी" म्हटलं तर मान वर करत नाही, एवढं उरलंय. मुरुम-घराची सूचना बंद करायला मुख्य मशीनमधली एकच ओळ पुसावी लागेल. पुसली नाही. रोज हजेरी घेते. लोहारा, हाय. मुरुम, हाय. माकणी, हाय. तेवढ्यात नऊ वाजतात आणि फोन वाजतो, मुरुम-घर आलं नाही. मी चहाचा कप खाली ठेवते आणि मोठ्यानं म्हणते, "कळलं, अप्पा." खोलीत दुसरं कुणी नसतं.